पाण्याचं पान

डॉक्टर, आज प्रेसमधून परत फोन आला. "बाई, बाकीची पुस्तिका तयार आहे, ते एक पान तेवढं अडलंय. छापायचं की वगळायचं, ते एकदा सांगून टाका." बुधवार पेठेतला आपला हा प्रेसवाला तुम्ही होतात तोवर मला कधी फोन करायचा नाही, कारण मी फोनवरसुद्धा त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका काढते अशी त्याची तुमच्याकडे तक्रार होती. आता त्याचाही नाइलाज आहे. मी सवयीनं म्हणून गेले, "डॉक्टरांना विचारून सांगते." त्यानं माझी चूक काढली नाही. नुसतं म्हणाला, "बरं बाई, सावकाश सांगा."

'शेवटचे दिवस घरी' या पुस्तिकेतलं ते पान. ज्यांचं माणूस आता बरं होणार नाही आणि ज्यांनी त्याला दवाखान्यातून घरी आणलंय, त्यांच्यासाठी तुम्ही ही पुस्तिका करायला घेतलीत. वेदना, कूस बदलणं, श्वासाची घरघर, सगळी पानं झाली. पाण्याचं तेवढं राहिलं. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की डॉक्टर गेल्या आणि ते अर्धवट राहिलं. ते खरं नाही. ते पान लिहून झालेलं आहे, चांगलं तीन-चार प्रकारांनी लिहून झालेलं आहे. आपलं त्यावर भांडण चालू आहे. भांडणातला एक माणूस उठून गेला म्हणजे भांडण मिटतं, अशी माझी इतके दिवस समजूत होती.

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली, आणि पोरांपुढे भुतांचा काय पाड लागतो? पण तुमचा आवाज येतो, डॉक्टर. सोसायटीच्या जिन्यात पाण्याच्या टाकीची सूचना लावलीये, ती वाचताना येतो. औषधाच्या पाकिटातला तो घडीचा कागद उलगडताना येतो. डाव्या खांद्यामागून, जिथे उभं राहून तुम्ही माझा मजकूर वाचायचात, अगदी तिथून. "कुणाला कळणार हे, बाई?" मी मागे वळूनही पाहते. मग दार नीट लागलंय का हे बघायलाच वळले होते, असं स्वतःला दाखवते.

पहिल्यांदा हे वाक्य तुम्ही मला म्हणालात तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. मी निवृत्तीनंतर दवाखान्यातल्या माहितीपत्रकांचं मराठी सुधारायला आले होते, आणि थायरॉइडच्या गोळीच्या पत्रकात मी झकास वाक्य घातलं होतं: सदर औषधाचे सेवन प्रातःकाळी उपाशीपोटी करावे. तुम्ही ते वाचलंत, मला ओपीडीबाहेरच्या बाकापाशी नेलंत आणि पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एका मावशींना ते वाचून दाखवलंत. मग म्हणालात, "मावशी, आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल? तुमच्या शब्दांत सांगा."

मावशी म्हणाल्या, "सांगंन की. गोळी उपासाच्या दिवशी घ्यायची. मला संकष्टी हाय, एकादशी बी हाय."

तुम्ही हसला नाहीत. मावशींचे आभार मानलेत, त्यांना गोळी कशी घ्यायची ते नीट समजावलंत, आणि परत येताना मला म्हणालात, "त्या नापास झाल्या नाहीत, बाई. आपण झालो." त्या 'आपण'मध्ये मला धरायचं तुम्हाला काही कारण नव्हतं, तेवढ्यावर माझा राग गेला. 'सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी' हे मग मी सुचवलं. चहाशी संबंध जोडला की पुणेकर विसरत नाही.

तेव्हापासून बाकावर नेल्याशिवाय एकही कागद छापायला गेला नाही. वाचायचं, आणि मग 'तुमच्या शब्दांत सांगा'. समोरच्यानं चुकीचं सांगितलं की आपण नापास, लिहा परत. मी कधी अलंकारिक झाले की तुम्ही भुवई वर करायचात. मी कधी फटकळ झाले की म्हणायचात, "बाई, हे माहितीपत्रक आहे. जिन्यातली पाटी नव्हे."

मीही तुम्हाला एक गोष्ट शिकवली, ती तुम्ही मिटिंगांमधून स्वतःची म्हणून खपवलीत. तेव्हा बोलले नाही, आता बोलते. तुमचं सगळं लिहिणं 'नका'नं भरलेलं असायचं. मीठ खाऊ नका, अनवाणी चालू नका, गोळ्या थांबवू नका. मी म्हटलं, डॉक्टर, वर्गात 'बोलू नका' म्हटलं की पोरं बोलतात, 'पान उघडा' म्हटलं की पान उघडतात. घाबरलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी काम द्या. तुम्ही ते हसण्यावारी नेलंत आणि पुढच्याच महिन्यात मधुमेहाच्या पत्रकात लिहिलंत, 'आरशात रोज तोंड बघता, तसे तळपायही बघा.' इतकं चांगलं वाक्य मला आयुष्यात सुचलं नाही. मी ते शुद्ध करायला गेले नाही यातच काय ते समजा.

तेच वाक्य मला परवा स्वारगेटला भेटलं. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन बायका होत्या. एकीच्या पायाला पट्टी होती आणि दुसरी तिला दटावत होती, "आरशात रोज तोंड बघतेस ना? मग तळपायपण बघायचा. आमच्या दवाखान्यात सांगतात." आवाज तुमचा नव्हता, पण वाक्य सबंध तुमचं, त्यातल्या त्या लहानशा थांब्यासकट. तुम्हाला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि तुम्ही स्वारगेटच्या बसमध्ये कुणाला तरी दटावत होतात. मला त्या बाईला सांगावंसं वाटलं की हे जिनं लिहिलं ती गेली. सांगितलं नाही. तिच्या लेखी तुम्ही कुणी नव्हतातच, नुसतं एक उपयोगी वाक्य होतात. याचं मला वाईट वाटलं, आणि उतरेपर्यंत बरंही वाटायला लागलं.

पण मी पाण्याच्या पानापासून पळतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुमचा मजकूर असा होता: 'माणूस गुंगीत असेल तर तोंडात पाणी घालू नका.' जाड ठशात. मी म्हटलं, "हे कुठल्याही मराठी घरात चालणार नाही. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही? 'पाण्यावाचून गेला' यापरतं वाईट आपल्याकडे काही बोलत नाहीत." तुम्ही म्हणालात, "माहितीये. शेवटचं पाणी म्हणून सगळं घर एकेक चमचा घालतं, आणि जाणाऱ्याला गिळता येत नाही. ते पाणी श्वासाच्या वाटेनं जातं. मी बघितलंय, बाई. माणूस शांतपणे चाललेला असतो आणि त्याची लेकरं प्रेमानं त्याला ठसका लावतात." मी गंगाजलाचा विषय काढला. आमच्या देवघरात गंगेचा गडू आहे, माझ्या आईच्या तोंडात त्यातलंच घातलं होतं. निदान तुळशीपत्रानं एक थेंब, असं लिहावं म्हटलं. त्यावर तुम्ही चष्मा काढून पुसलात. "सगळ्यांच्या घरी गंगा नसते, बाई. आमच्याकडे नळाचंच असतं." मी ओशाळले. मग आपण दोघीही हसलो.

तडजोड म्हणून ओलं फडकं आलं: ओठ आणि जीभ ओली ठेवा, थोड्या थोड्या वेळानं. हाताला काम मिळालं, ते मला पटलं. मग मी शेवटी एक ओळ घातली, 'त्यांना तहानेचा त्रास होत नसतो.' ती तुम्ही तिथल्या तिथे खोडलीत. मी म्हटलं, लोकांना धीर नको का? तुम्ही म्हणालात, "धीर द्या. पण जे आपल्याला नक्की माहीत नाही ते लिहायचं नाही. बहुतेकांना होत नसावा, एवढंच मला सांगता येईल. प्रत्येकाचं तुम्ही कुठून सांगणार? मरून बघितलंय का?"

आणि मग बाक. हे पान बाकावर न्यायचं की नाही? मी साफ नकार दिला. रक्त तपासायला आलेल्या माणसाला, तुमचं माणूस मरताना काय कराल ते तुमच्या शब्दांत सांगा, असं कसं विचारणार? तुम्हालाही ते जमेना, पण तपासल्याशिवाय छापायचंही तुमच्या मनात येईना. पान तसंच राहिलं.

मग तुमच्या पोटातली गाठ निघाली. रिपोर्ट तुम्ही सगळ्यांच्या आधी वाचलात आणि मला फोनवर म्हणालात, "बाई, पाण्याच्या पानाला पेशंट मिळाला." मी फोन ठेवून दिला. तुमच्या विनोदावर मी फोन ठेवला असं त्याआधी कधी झालं नव्हतं. अजूनही तो विनोद मला आवडलेला नाही, हे नोंदवून ठेवते.

खडकीला तुमच्या घरी मी येत राहिले. माई दार उघडायच्या. तुमच्याहून कितीतरी मोठी ही बहीण, फॅक्टरीत नोकरी करून तुम्हाला डॉक्टर केलेली. त्या मला चहा द्यायच्या आणि तुम्ही मला काम द्यायचात. त्या दिवशी माई पलंगापाशी खाली बसून मेथी निवडत होत्या. तुम्ही म्हणालात, "वाचा, बाई. बाक आता इथेच आहे." मी नाही म्हटलं. "मग हे पान लोकांना कुठल्या तोंडानं देणार?" तुम्ही इतक्या हळू बोललात की मला वाचावंच लागलं. गुंगीत असेल तर पाणी घालू नका, ओल्या फडक्यानं ओठ ओले ठेवा, सगळं वाचलं. तुम्ही माईंकडे वळून म्हणालात, "माई, आता तुझ्या शब्दांत सांग."

माईंनी हातातली काडी खाली ठेवली. "म्हणजे तुला तहानलेली ठेवायची."

मग तुम्ही म्हणालात, "नापास."

"कोण, मी?" माईंनी विचारलं.

"नाही गं. आम्ही." आणि मला म्हणालात, "लिहा परत."

ते तुम्ही मला सांगितलेलं शेवटचं काम. त्यानंतर तुम्ही माझ्याशी आणखी एकच शब्द बोललात, आणि तो माझ्याशी होता की नाही हेसुद्धा मला ठाऊक नाही.

दुपार होती. माई आत जरा आडव्या झाल्या होत्या. तुम्ही सकाळपासून गुंगीत होतात. स्टुलावर ताटलीनं झाकलेला पाण्याचा ग्लास होता, त्याच्या शेजारी चमचा, आणि वाटीत भिजवलेलं फडकं. घरी येणाऱ्या सिस्टरनी मला आणि माईंना ते कसं लावायचं ते दाखवलं होतं. मी बसल्या बसल्या खिडकीबाहेर पाहत होते आणि तुम्ही स्वच्छ म्हणालात, "पाणी."

डोळे मिटलेलेच होते. मी हाक मारली, "डॉक्टर." परत मारली. डोळे उघडले नाहीत. माझा हात आधी ग्लासाकडे गेला, मग वाटीकडे. मी फडकं पिळून तुमच्या ओठांना लावलं, आणि तुम्ही ते चोखलंत. तान्हं बाळ चोखतं तसं, जोर लावून. मी ते परत भिजवलं, परत लावलं. तुम्ही पुन्हा चोखलंत. चार-पाच वेळा असं झालं आणि मग ओठ सैल पडले. माई उठून आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, पाणी मागितलं. "दिलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फडकं दिलं. त्या माझ्या हातातली वाटी घेऊन माझ्या जागी बसल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तो चोखण्याचा आवाज जात नाही, डॉक्टर. सकाळी कपबशा विसळताना, फडकं पिळताना मी थांबते. मी चुकले असं मला वाटत नाही. बरोबर केलं असंही वाटत नाही. तुमच्या पानात त्या वेळेसाठी ओळच नव्हती. जागं माणूस होतं, गुंगीतलं माणूस होतं. गुंगीत असून पाणी मागणारं माणूस नव्हतं. ते तुम्हाला लिहिताना सुचलं नाही आणि मला वाचताना दिसलं नाही. बाकाची परीक्षा यासाठीच असते ना? तुम्ही ती दिलीत आणि निकाल माझ्या हातात ठेवून गेलात. फार राग येतो तुमचा.

तुमच्या घरून पत्रिका आली, तिच्यावर 'पुण्यानुमोदन व जलदान विधी' असं होतं. आमच्या पेठेत वाढलेल्या मला हा बौद्ध विधी माहीत नव्हता. भंतेजी गाथा म्हणत होते, आणि माईंनी तांब्यातलं पाणी हळूहळू ताटलीत ओतायला घेतलं. ताटली भरली. माई ओतत राहिल्या. पाणी काठावरून खालच्या परातीत सांडायला लागलं. मी पदर तोंडात धरून रडले. आता इतकं पाणी, असं मनात आलं, आणि त्या विचाराची लाजही वाटली. माईंचा हात मात्र जराही हलत नव्हता. तुमच्या माईंचं मला कौतुक वाटतं, आणि तुम्ही मला त्यांच्या घरात शिरू दिलंत याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. ते आज मानते.

त्यानंतर मी पान परत लिहिलं. सिस्टरना विचारून, ओळन् ओळ तपासून. कागद घेऊन काल खडकीला गेले आणि माईंना वाचून दाखवलं. माईंना 'सांगा' म्हणायची गरज पडली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

"जागी असली, गिळत असली, तर मागेल तेवढं द्यायचं. बसवून, चमच्या चमच्यानं. गाढ गुंगीत असली तर फडकं, ओठांना, जिभेला. आणि गुंगीत असून मागितलं, तर आधी हाक मारायची. जागी झाली तर डोकं उंच करून थेंबभर द्यायचं, गिळते का बघायचं. गिळलं तर अजून थेंबभर. ठसका लागला की थांबायचं. जागी झालीच नाही, तर फडकं. चोखू द्यायचं." माई थांबल्या. "बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर. पास."

तुम्हाला वाटेल मी खूश झाले असेन. तुमच्या नजरेसमोर कागद नाचवायचा होता मला. पण माई माझ्याकडे बघत होत्या. "बाई, तिला तहान होती का हो?"

मला ती खोडलेली ओळ आठवली. ती म्हणणं किती सोपं होतं! त्यांना तहानेचा त्रास होत नसतो. समोर ऐंशीच्या घरातली बाई, जिनं तुम्हाला वाढवलं, आणि तिला रात्री झोप लागावी एवढाच प्रश्न. माझ्या जिभेवर आलीच होती ती ओळ. डाव्या खांद्यामागून तुम्ही विचारलंत, मरून बघितलंय का. मी म्हटलं, "माहीत नाही, माई. मला खरंच माहीत नाही."

माईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मग तसंच लिहा ना त्याच्यात. माहीत नाही म्हणून. मला वाटायचं, मला एकटीलाच कळत नाहीये."

म्हणून पानाच्या शेवटी आता असं आहे: 'त्यांना तहान होती का, असा प्रश्न तुम्हाला नंतर पडेल. सगळ्यांनाच पडतो. त्याचं नक्की उत्तर आम्हालाही माहीत नाही. तुम्ही ओठ ओले ठेवलेत, तुम्ही जवळ होतात, एवढं खरं आहे.' यात 'नका' एकही नाही आणि खोटं एकही नाही. दोघींचंही म्हणणं राहिलं. थोड्या वेळानं प्रेसला फोन करून सांगणार आहे, पान छापा.

पण त्याआधी नियमाप्रमाणे बाक. माईंना वाचून दाखवलं, तुम्हाला राहिलं होतं. ते आत्ता मोठ्यानं वाचून दाखवलं, खुर्ची जरा डावीकडे वळवून. ज्या एका प्रश्नाचं उत्तर आम्हाला कुणालाच माहीत नाही, ते आता तुम्हाला माहीत आहे. मी फडकं दिलं, ग्लास तिथेच होता.

डॉक्टर, पुरलं का ते? तुमच्या शब्दांत सांगा.